सूर्याच्या कडेवरची कमान

सलूनवाल्या जावयाला सूर्याचं वेड लागलं आणि घरातल्यांनी कपाळाला हात लावला. दुकानावरच्या गच्चीत खास लाल फिल्टरची दुर्बीण, तिला कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा फोटो काढायचा, हा एकच ध्यास. दोन महिने उन्हात करपून हाती काय आलं? लाल टिकली!

सासूबाई राहायला आल्या होत्या. एक्स-रे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या; हात रिकामे राहिले की त्यांचा जीव कासावीस. गिऱ्हाईक आलं तेव्हा जावई खाली जाता जाता त्यांना म्हणाला, "आई, सूर्य चौकटीबाहेर जायला लागला तर एवढं बटण दाबा. बाकी कशाला हात लावू नका."

दहाच मिनिटांत जिन्यावरून हाक आली. "जावईबापू, वर या! कडेला काहीतरी पुसट दिसतंय."

"धूळ असेल, आई."

"धूळ एका जागी बसून राहिली असती. हे सूर्याबरोबर सरकतंय. तीस वर्षं फिल्मवरची धूळ आणि हाडातली चीर ओळखलीय मी!"

जावई कात्रीसकट वर धावला. मागोमाग अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक, गळ्यात काळं कापड तसंच. पडद्यावर खरंच एक धूसर कमान होती.

"तुम्हाला हाड बघायचंय की मांस?" सासूबाईंनी विचारलं. "दोन्ही एकदम नीट येत नाहीत. एक्स्पोजर वाढवा. सूर्य पांढराफटक पडला तर पडू दे."

जावयाने जिवावर उदार होऊन वाढवलं. सूर्याची पांढरी ताटली झाली आणि कडेवर ज्वालेची कमान लखलखली. आत कितीतरी पृथ्व्या मावल्या असत्या.

गिऱ्हाईकाने गळ्यातलं कापड सोडून लॅपटॉपवर सावली धरली. "केस काय, पळून जातायत का?" तोच म्हणाला. दर दोन मिनिटांनी एक व्हिडिओ, असा पाऊण तास गेला. कमान ताणली, एका पायावर आली, तुटली आणि वर वर जात विरून गेली.

"आई," जावई शेवटी म्हणाला, "तुम्ही आधीच का नाही आलात गच्चीवर?"

"तुम्ही बोलावलंत कुठे?"

जावई ओशाळला. त्याने स्वतःचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.