माझ्या पायऱ्यांवरचा कोरा बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. जपानमधल्या होक्काइदोच्या उत्तरेला समुद्रात एक छोटे बेट आहे, तिथल्या विमानतळाच्या शेडला टेकून मी उभी असते. उभी कसली, पेंगतच असते म्हणा ना! बर्फ भुरभुरू लागला की मला वाटते, मी अजून जंगलातले झाडच आहे.

सुताराने मला एकाच कामासाठी घडवले. आमच्या छोट्या विमानाचे पंख उंच. माझ्यावर चढायचे, हातमोजा काढायचा आणि उघड्या तळव्याने पंख चाचपायचा. पंखावर बर्फाचा पातळ थर जरी राहिला, तरी वारा विमानाला नीट उचलत नाही. ते धावते, जरासे उठते आणि कोसळते. काचेसारखा बर्फ तर डोळ्यांना नुसता ओलावाच वाटतो. तो फक्त हाताला कळतो.

विमानाची देखभाल इसोबेसान करायचे; आमच्याकडे नावापुढे मानाने 'सान' लावतात. तपासलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने "ठीक!" म्हणायची आमच्याकडे रीत आहे. इसोबेसानांचे "ठीक!" इतके खणखणीत, की शेडवरचे पक्षी उडून जात. मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

एका सकाळी बर्फ थांबला आणि कोवळे ऊन पडले. सारे बेट स्वप्नात असल्यासारखे चमकत होते. विमानाने निघालेल्या तोमे आजींना मात्र घाई होती. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शहरात त्यांच्या नातीचे लग्न होते आणि समुद्रावरून ढग चालून येत होते.

"अहो कॅप्टनबाई, नवरी म्हातारी व्हायच्या आत पोचवाल ना?"

"निघालोच, आजी!" वैमानिक उकितासान हसल्या.

इसोबेसानांनी पंखाकडे बोट दाखवले. "पंख, ठीक!"

उकितासान विमानात चढणार, इतक्यात शेडला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांची नजर गेली. त्या थबकल्या.

"इसोबेसान, तुम्ही वर कधी गेलात?"

"म्हणजे काय? आत्ताच नाही का बोट दाखवून..."

"बोटाला डोळे असतात होय? हिच्या पायऱ्यांवरचा बर्फ कुणी मोडलेलाच नाही."

मला पंखाला लावून त्या स्वतः माझ्यावर चढल्या. हातमोजा काढून त्यांनी पंखावर तळवा टेकवला. "काच आहे. पंखभर."

इसोबेसानांचा चेहरा पांढराफटक पडला. गरम द्रव फवारून पंख धुवेपर्यंत ढग धावपट्टीवर उतरले. समुद्रही खवळला. त्या दिवशी आणि लग्नाच्या दिवशीही कुणीच बेटाबाहेर जाऊ शकले नाही. तोमे आजी माझ्या खालच्या पायरीवर बसून रडल्या, आणि मलाही फार वाईट वाटले.

इसोबेसान बर्फात गुडघे टेकून वाकले. "आजी, चूक माझीच आहे."

आजींनी डोळे पुसले. "मेल्या, तोंड कमी चालव आणि हात जास्त. ऊठ आता, गुडघे गारठतील."

वसंतात नात नवऱ्याला घेऊन बेटावर आली. आजी दोघांना माझ्यापाशी घेऊन आल्या.

"हिच्यापायी तुमचं लग्न बघायचं हुकलं गं," त्या म्हणाल्या. मग माझ्यावर हात ठेवून पुटपुटल्या, "आणि हिच्यामुळेच तुम्हाला डोळे भरून बघतेय."

आता माझे काम यंत्राची शिडी करते. माझा रंग उडाला, एक पायरी निखळली. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. त्याचा राग नाही, पण मित्रांनो, एक मागणे आहे. "ठीक" म्हणण्याआधी हातमोजा काढा आणि हात लावून बघा. विमानात कुणाची तरी आजी बसलेली असते.