कच्चे बोल

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला समोरून एक पोचा आहे, तो दाताचा. दात कोणाचा, ते ओघात येईलच. आधी एक गोष्ट कबूल करतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने मुलांसमोर बसावं ते चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला. माझी अडचण अशी, की ज्या एका कामात माझा जन्म गेला, त्याच्याबद्दलच माझा गोंधळ उडाला आहे. गाण्यात शब्द महत्त्वाचे असतात का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. भिंगाच्या दिव्याखाली बसून एका बाईंनी केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली, ते वेटोळं एका पातळ पडद्याला चिकटवलं आणि मागे लोहचुंबक बसवला. आवाज आला की पडदा हलतो, पडद्याबरोबर वेटोळं हलतं आणि आवाज तारेतून पुढे जातो. एवढंच माझं पोट. ते तपासताना त्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "चहा आला का गं?" माझ्यातून गेलेला पहिला शब्द तो. तो कोणाच्या लक्षात नाही, माझ्या आहे.

मला विकत घेतलं ते बाबांनी. बाबा पेशाने शिंपी. सुट्टीच्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या सभागृहात ते गाऊन प्रवचन करायचे. माझ्यासाठी त्यांनी कोटाच्या अस्तराची पिशवी शिवली होती, आणि गाण्याआधी ते मला मऊ चिंधीने असे पुसायचे, जसं कोणी बाळाचं नाक पुसावं. चार बोटं अंतर ठेवून ते एक ओळ गायचे. मग तिचा अर्थ उलगडून सांगायचे. मग तीच ओळ पुन्हा गायचे. शब्द तेच, चाल तीच. पण दुसऱ्या खेपेला ती ओळ वेगळीच लागायची. मागच्या रांगेतल्या खुर्च्यासुद्धा करकरायच्या थांबत. बाबा म्हणायचे, सूर म्हणजे ताट आणि शब्द म्हणजे घास. ताट कितीही चकचकीत असलं तरी पोट घासानेच भरतं. देवाच्या दारात इतकी वर्षं काढलेला मी, माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

मग बाबांची बायको, घरातल्या दोन मुलांची आई, आजारी पडून गेली. त्यानंतरच्या पहिल्याच प्रवचनात, मागे राहिलेल्यांचा हात देवाने धरावा, अशा अर्थाची ओळ आली, आणि बाबांनी शब्दच घेतले नाहीत. नुसता सूर लावला, लांबलचक, उघडा. सभागृहात एकही डोळा कोरडा राहिला नाही. लोक म्हणाले, आज बाबा जसे गायले तसे कधी गायले नव्हते. घरी जाताना बाबा मुलीला म्हणाले, "ओळच विसरलो गं." त्या दिवसापासून त्यांनी प्रवचन सोडलं. मी पिशवीत, पिशवी खणात, खणात बटणं आणि खडूचे तुकडे. तिथे तीन वर्षं मी एकच विचार करत पडलो होतो. घास नव्हता, तर लोकांचं पोट भरलं कशाने?

त्या खणातून मला बाहेर काढलं बाबांच्या धाकट्या मुलाने. त्याचे दोस्त त्याला भोंगा म्हणत, आणि त्याचं गाणं ऐकल्यावर त्या नावाबद्दल कोणाला शंका उरत नसे. त्यांचा हार्ड रॉकचा बँड होता. गाद्यांच्या एका गोदामात ते दुपारी तालीम करायचे, कारण चारी बाजूंनी गाद्या रचलेल्या असल्या की शेजारी भांडायला येत नाहीत. ड्रम वाजवणारा काडीसारखा होता, म्हणून त्याला सगळे पहिलवान म्हणायचे. भोंग्याला चार बोटांचं अंतर वगैरे माहीतच नव्हतं. तो मला ओठांना लावून असा ओरडायचा, की पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलं काहीतरी मोडलं.

त्यांची गाणं करायची रीत उलटी होती. आधी गिटार आणि ड्रम. मग भोंगा त्यावर तोंडाला येईल ते गायचा, "ना हे या रे, धा ना या रो," असलं काहीतरी. याला ते कच्चे बोल म्हणत. चाल पक्की झाली, की त्याच मापाचे खरे शब्द भरायचे. ते काम ताईचं, म्हणजे भोंग्याच्या थोरल्या बहिणीचं. ती बोटांवर मात्रा मोजत गादीवर मांडी घालून बसायची. कार्यक्रमात कोणाचा आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवणारी पट्ट्यांची पेटीही तीच सांभाळायची. एरवी ती एका छापखान्यात नोकरीला होती. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो ना, जो आपण सगळ्यांत आधी फेकतो? तो छापण्याआधी पट्टी ठेवून, ओळ न् ओळ तपासायचा, ही तिची नोकरी.

एकदा बाबा ड्रमसाठी शिवलेलं झाकण द्यायला आले. कानात कापूस घालून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं आणि विचारलं, "चांगलं आहे रे. पण शब्द काय होते?"

भोंगा म्हणाला, शब्दांचं काय घेऊन बसलात? मग बाबांनी ताट आणि घास सांगितलं. पहिलवान शांतपणे म्हणाला, "बाबा, आमच्याकडे ताटच वाजवायचं असतं." सगळ्यांत जास्त हसले ते बाबाच.

सातवं गाणं ताईने आईवर लिहिलं. इस्पितळात शेवटच्या दुपारी आई तिला म्हणाली होती, "खिडकी उघड, आवाज येऊ दे." रस्त्यावरच्या गाड्या, हॉर्न, कोणाची तरी भांडणं, सगळं तिला ऐकायचं होतं. भोंगा त्या वेळी औषध आणायला खाली गेला होता. तो परत येईपर्यंत उशीर झाला होता. ती ओळ ताईने दुसऱ्या कडव्यात घातली.

आता मी सांगतो ते तेव्हा फक्त मला माहीत होतं. भोंगा रोज तालमीच्या तासभर आधी एकटा यायचा. मला वायर न लावताच हातात घ्यायचा आणि ते कडवं म्हणायचा. ओळीच्या तोंडाशी आला की त्याचा श्वास अडायचा. एकदा त्याने अकरा वेळा प्रयत्न केला. मग कागदाची घडी घालून गाद्यांच्या फटीत सारली आणि इतर आल्यावर काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने उभा राहिला.

कार्यक्रम मालमोटारींच्या एका जुन्या शेडमध्ये होता. पाचसहाशे लोक, सगळे उभे. सातवं गाणं सुरू झालं, दुसरं कडवं आलं आणि भोंग्याने डोळे मिटून कच्चे बोल गायले. ना हे या रे, धा ना या रो. अख्खं कडवं. त्याच ओळीच्या जागी त्याचा दात माझ्या जाळीवर आपटला. लोकांना त्याचं काय? मुठी वर गेल्या. पाचसहाशे गळे तेच निरर्थक बोल त्याच्याबरोबर ओरडू लागले. इतकी दाद त्या बँडला कधी मिळाली नव्हती. पेटीपाशी ताई उभी होती, तिचं बोट माझ्या आवाजाच्या पट्टीवर होतं. तिने तो तसूभरही खाली आणला नाही. गाणं संपल्यावर ती वर आली, माझी वायर काढली, मला अस्तराच्या पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरू लागली.

भोंगा मागे धावला. "ताई, लोक वेडे झाले होते. एकाला तरी कळलं का?"

"मला कळलं."

"तुला एकटीला."

ताई थांबली. "तेव्हाही मी एकटीच होते," ती म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या शनिवारी त्या गाण्याचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. ताईने पहिलवानाला फोन करून सांगितलं, की सातवं गाणं माझं आहे, ते घेऊ नका, आणि शब्द लिहायला, पेटी सांभाळायला दुसरं कोणीतरी बघा. भावाशी तर ती एका घरात राहून बोलेना. भोंगा जेवायला बसला की ती ताट घेऊन उठायची. मी टेबलावर पडून दोन्हीकडचं ऐकत होतो आणि माझ्यातून लाखो शब्द गेले तरी माझा स्वतःचा एकही नव्हता. तुम्हाला काय सांगू, वस्तू असल्याचं दुःख मला त्या आठवड्यात कळलं.

गुरुवारी संध्याकाळी ताई कागद तपासत बसली होती. बाबा शेजारी एक कोट उसवत होते. ती म्हणाली, की ऑफिसात कोणी वाचत नाही ते वाचते, घरी कोणी ऐकत नाही ते लिहिते, माझा जन्म त्यातच जाणार.

बाबांनी मला पिशवीतून काढलं आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी त्या दिवशी ओळ विसरलो नव्हतो."

ताईने पट्टी खाली ठेवली.

"ओळ तोंडाशी आली होती. काढली असती, तर उभा राहू शकलो नसतो. म्हणून नुसता सूर लावला."

"मग विसरलो का म्हणालात?"

"ते सोपं होतं. तुझा भाऊ माझ्यावरच गेलाय गं. आवाजातही आणि पळण्यातही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई मला घेऊन गोदामात गेली. भोंगा एकटाच होता. तिने हात पुढे केला आणि कागद मागितला. त्याने गाद्यांच्या फटीतून काढून दिला. वाचलेला कागद आणि न वाचलेला कागद यांतला फरक ताईला लांबून कळतो, तिची नोकरीच ती. कागद कापडासारखा मऊ झाला होता. एका ओळीवर बोट फिरून फिरून अक्षरं पुसट झाली होती. ती ओळ कोणती, हे तुम्हाला सांगायला नको.

"ही ओळ मी म्हणते," ताई म्हणाली. "बाकीचं तुझं."

"ताई, तू बेसूर आहेस."

"गिटार मोठं ठेवू. कोणाला कळतंय?"

शनिवारी एका वेळी दोन तोंडं माझ्यासमोर होती. ओळ आली आणि ताई खरोखरच बेसूर गायली. भोंगा गायला नाही, पण तिच्या शब्दांबरोबर त्याचे ओठ हलत होते. तो श्वास माझ्या पडद्याला कळला. वरून गिटारचा असा काही डोंगर कोसळला, की त्यात ती ओळ पार गाडली गेली. ताईला नंतर पेटीवर ती वर काढता आली असती. तिने काढली नाही.

आजवर ते गाणं ऐकणाऱ्या एकालाही ती ओळ सापडलेली नाही. घरी बाबांनी कानातला कापूस काढून ते ऐकलं आणि त्या जागी विचारलं, "इथे काय आहे रे?" भोंग्याने गाणं थांबवलं. मग न गाता, साध्या आवाजात त्याने ती ओळ सांगितली. बाबा उठले आणि त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिघंही ते ऐकत बसले.

आता बँडकडे बिनवायरचा नवा माईक आला आहे आणि मी पुन्हा बटणांमध्ये आहे. माझा गोंधळ मिटलेला नाही. शब्द नसताना लोक रडले, शब्द नसताना नाचले, आणि जेव्हा शब्द होता तेव्हा तो कोणाला ऐकूच गेला नाही. मग शब्द कशासाठी? मला एवढंच माहीत आहे, की वायर लावलेली नसली तरी माझा पडदा हलतो, आणि त्या ओळीला तो जसा हलला तसा कच्च्या बोलांना कधी हलला नाही.

म्हणून मित्रांनो, जुना माईक हाती आला तर त्याच्या डोक्यावर टकटक करू नका. मऊ कापडाने पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. आणि कोणी तुमच्यासमोर कितीही मोठ्याने ओरडत असलं, तरी गाणं संपल्यावर त्याला एकदा जवळ जाऊन विचारा, तू काय म्हणत होतास? त्याने सांगितलं नाही, तरी विचारा.