घंटी कुठं वाजली

माझे बाबा एकाच गोष्टीचे लेखक आहेत. तशी पुस्तकं त्यांनी बारा लिहिली, पण अकरा वाळवीनं वाचली. ‘कबऱ्याची घंटी’ मात्र आमच्या भागातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. कबऱ्या हे उनाड वासरू. ऊसतोडीला आलेला एक पोरगा त्याच्या गळ्यात आपल्या घरातली पितळी घंटी बांधतो. दुसऱ्या दिवशी वासरू फडात हरवतं, तिकडे लांडगा फिरत असतो, सगळे श्वास रोखून कान देतात आणि उसातून आवाज येतो, टण् टण् टण्. ही शेवटची ओळ शाळेत अख्खा वर्ग ओरडून म्हणतो. मीही म्हटली आहे, बाकावर उभं राहून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, कारण धर्मसिंग गुरुजींची शिला मीच.

हिंगोलीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. या उन्हाळ्यात प्रकाशकाला त्या गोष्टीची रंगीत आवृत्ती काढायची होती, आणि शेवटी दोन पानं ‘लेखकाचं आयुष्य’. बाबांनी चार कागद आणून दिले, शाळामास्तरी वळणदार अक्षरातले.

“टाईप कर,” म्हणाले. “वाचत बसू नको.”

“न वाचता टाईप कसं करतात ते आधी शिकवा गुरुजी,” मी म्हटलं. ते हसले नाहीत. पाणीही न पिता निघून गेले.

पहिल्या पानावर जन्म, तांडा, शाळा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात नेणारे, हे मला ठाऊक होतं. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी असायची, तिच्या मागं अख्खा तांडा चालायचा. बैल गेले, घंटी घरात राहिली. तिसऱ्या पानावर माझे हात थांबले. दुकानात आधारकार्डाची झेरॉक्स घ्यायला एक माणूस उभा होता. त्याला मी मशीन बंद आहे म्हणून घालवलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

बाबांना एक धाकटी बहीण होती, मिना. ती चार वर्षांची असताना कारखान्याच्या मुलखात उसाच्या ट्रकखाली गेली, एवढं घरात सगळ्यांना माहीत. चूक आजीची, हेही सगळ्यांना माहीत. मिना फडात कुठंही जाऊन झोपायची, म्हणून आजीनं, म्हणजे चंदाबाईनं, तीच घंटी तिच्या कमरेला बांधली होती. गाठ मारली होती लादणीची. ती गाठ बैल चाळीस कोस चालला तरी सैल होत नाही, आणि नेमकं टोक ठाऊक असलेल्यानं ओढलं तर एका झटक्यात सुटते. ट्रक मागं घ्यायच्या आधी मुकादम ओरडायचा, “पोरं कुठं हायेत?” मग एकेक आई आपल्या लेकराचा ठिकाणा सांगायची. त्या दिवशी आजीनं कान दिला आणि सांगितलं, “मही बांधावर हाय. वाजून राहिली. येऊ द्या मागं.”

मिना ट्रकच्या मागं, उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात झोपली होती.

घंटीची दोरी नंतर पाचटात सापडली. तुटलेली नव्हती, कापलेली नव्हती, सुटलेली होती. मग काय, लादणी करणाऱ्यांच्या घरातली बाई आणि हिला गाठ मारता येत नाही, शिवाय ती बहिरी. आजोबा मरेपर्यंत तिला बहिरीच म्हणत. तेव्हापासून आजी ती गाठ मारत नाही. भाकरीच्या फडक्याला, पिशवीला, पदराच्या टोकाला, सगळ्याला तीन-तीन आंधळ्या गाठी. माझ्या वेण्यांच्या रिबिनी आईला कात्रीनं कापाव्या लागत. आम्ही पोरं हसायचो. आणि दार वाजलं की ती आधी आम्हाला विचारायची, “वाजलं का गं? का मलाच वाजलं?” त्यालाही हसायचो. देव करो आणि ते हसणं मला विसरता येवो.

तिसऱ्या पानावर बाबांनी लिहिलं होतं की घंटी त्यांनी काढली. ते नऊ वर्षांचे होते. कबऱ्या वासरू खरंच होतं, खरंच उनाड होतं, आणि ते आदल्या दिवशी हरवलं म्हणून आजोबांनी त्यांना उसाच्या कांडक्यानं फोडून काढलं होतं. मिना झोपलेली दिसली. नेमकं टोक त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळापुरती म्हणून घंटी वासराच्या गळ्यात बांधली आणि वासरू बांधावर चरायला सोडलं. किंकाळी ऐकल्यावर ती परत सोडली आणि पाचटात फेकली.

म्हणजे गाठ पक्की होती. घंटी बांधावरच वाजली होती. आजीनं बरोबर ऐकलं होतं.

मी तशीच घरी गेले. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते.

“हे आजीला सांगितलंय?”

“न्हाई.”

“मग छापायला कसं दिलं?”

“लगेच न्हाई छापायचं,” ते म्हणाले. “तू टाईप करून ठिव. याडी गेल्यावर छापू.” याडी म्हणजे आमच्यात आई.

मला असा संताप आला की पेपर मी त्यांच्या हातातून ओढला. “वा गुरुजी! जिचं आहे तिला सोडून जगाला सांगायचं! तिनं मरायची वाट बघून राहिले तुम्ही?”

“तिला एकच लेकरू उरलं शिला,” बाबा म्हणाले. “हे ऐकलं तर तेबी जाईल तिचं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी काय घिऊन बसंल ती?”

यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आजीला लेक ठेवायचा तर तिचे कान आणि हात गुन्हेगार ठेवायचे, असा हा सौदा होता, आणि सत्तावन्न वर्षं तो बाबांनी एकट्यानं आजीच्या नावावर चालवला होता. मी सांगितलं, उद्या तुम्ही सांगा, नाहीतर हे कागद मी तिला वाचून दाखवते. रात्रभर वाटत राहिलं की आपण एका म्हातारीचा गळा कापतोय. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटी काढली आणि बाबांना मागं बसवलं.

आजी सिद्धेश्वरच्या धरणाच्या अलीकडे, तांड्यावरच राहते. शहरात तिचं मन रमत नाही. दुपार कलली होती. ती बाजेवर बसून शेंगा फोडत होती. आमच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात, मी इथं आमच्याकडच्या मराठीत लिहितेय.

“वाजलं का काही? गाडीच हाय ना?” तिनं विचारलं.

“गाडीच आहे आजी.”

बाबा बाजेवर बसले नाहीत, खाली मातीत बसले. त्यांनी सगळं सांगितलं. वर्गात धडा सांगतात तसं नाही, अडखळत, मध्येच मागं जात. कबऱ्या, मार, झोपलेली मिना, दोरीचं टोक. आजी शेंगा फोडत राहिली. नंतर तिचे हात थांबले.

“घंटी वासराच्या गळ्यात व्हती?”

“व्हय याडी.”

“आन् वासरू बांधावर?”

“व्हय.”

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, “तुझी ती गोष्ट. शेजारची शितल वाचून दावती मला. लेकरं टण् टण् म्हणतेत. म्या बी म्हणते त्यायच्या संगं. वासरू सापडलं म्हणून हसते.” तिनं बाबांकडं पाहिलं. “ती मह्या मिनाची घंटी वाजवून राहिले का मी इतकी वरसं?”

बाबा मातीतली टरफलं गोळा करू लागले.

“तुझा बाप मला बहिरी म्हनत मेला. तवा तू कुठं व्हतास?”

“इथंच व्हतो.”

मला वाटलं आता ती त्यांना घालवून देईल. मला वाटलं ती रडेल. तिनं मला कोनाड्यातलं गाठोडं आणायला सांगितलं. त्याला तीन गाठी होत्या, मी विळ्यानं कापल्या. आत झबलं होतं आणि घंटी, काळी पडलेली, जुन्या दोरीसकट.

“हात कर पुढं,” ती बाबांना म्हणाली.

तिनं दोरी त्यांच्या मनगटाला गुंडाळली. कुठं घ्यायचं, कुठून काढायचं हे ती एकदाही चुकली नाही. लादणीची गाठ मी पहिल्यांदा पाहिली. मग तिनं डोळे मिटले.

“चाल,” म्हणाली. “अंगणात.”

सहासष्ट वर्षांचे माझे बाबा उठले आणि चालू लागले. घंटी वाजली. आजीनं मिटल्या डोळ्यांनी बोट उचललं आणि चुलीकडं केलं. बाबा चुलीपाशीच होते.

“बराबर हाय?” तिनं मला विचारलं.

“बराबर आहे आजी.”

बाबा गोठ्याकडं गेले. बोट गोठ्याकडं गेलं. ते कुंपणाशी गेले, बोट कुंपणाशी. “बराबर?” “बराबर.” शितल पाटी घेऊन दारात आली, घंटी बघून खुदकन हसली आणि सवयीनं म्हणाली, टण् टण् टण्. तिला कुणी गप्प केलं नाही.

आजीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी बोट हालत होतं, एकदाही चुकत नव्हतं. नेमकं टोक बाबांना ठाऊक होतं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. ते कुंपणापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून गोठ्यापर्यंत चालत राहिले. धाप लागली तसं त्यांनी थांबून आईकडं पाहिलं.

“चाल,” आजी म्हणाली. “काहून थांबला?”

दिवस मावळेपर्यंत तिनं त्यांना बस म्हटलं नाही.