डावा टाका

“सुई ठेव खाली!”

गोदूबाई ओरडली तेव्हा बायजाचा दोरा अर्धाच ओढून झाला होता. लग्नाची हळद अजून उतरायची होती. अष्टमी गावातल्या त्या घराच्या पडवीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरले होते, वर रोह्याच्या शिंप्याकडून आणलेली ठिगळं मांडली होती आणि सासू-सून समोरासमोर बसल्या होत्या.

“डाव्या हातानं गोधडी शिवतात व्हय गो? पोरंबाळं निजतात हिच्यावर.”

“आत्याबाय, हात कशाला बघता? टाका बघा.”

टाका बघण्यासारखाच होता. माहेरी, निडी गावात, आईसमोर बसून, आरशात बघावं तसं बघत बायजा शिवण शिकली होती. पण गोदूबाईनं पाहिलं नाही. “ह्या घरात उजवा टाका चालतो. सासूनं मला दिला, तिला तिच्या सासूनं,” म्हणाली आणि तो दोरा तिनं उसवून टाकला.

बायजा रडली नाही, की माहेरी सांगावा धाडला नाही. आळीतल्या गोधड्या गोदूबाई शिवायची, बायजा दोरा ओवून द्यायची. दुपारी मात्र माजघरात ती स्वतःच्या हातानं शिवत बसे. तिची पोरं तिच्याच गोधड्यांत वाढली. गोदूबाईनं त्यांतली एकही कधी अंगावर घेतली नाही. नवरा महिपती धाटावच्या कंपनीत लागला होता. तो शिफ्टवरून आला की म्हणे, “आई जुन्या वळणाची हाय, सोड.” बायजा म्हणे, “मी कुठं धरलंय? पण हात काय बदलायची नाय.”

वर्षं गेली. एका हिवाळ्यात, भात झोडून झालं होतं, शेतात वाल फुलावर होते, आणि सकाळी चहाचा पेला गोदूबाईच्या हातातून निसटला; उजवं अंग लुळं पडलं. पाय काही दिवसांनी सावरला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

पडवीत शेजारच्या कृष्णाबाईची गोधडी निम्मी शिवून पडली होती. बाळंतपणाला आलेली तिची लेक पेणला सासरी परतायची होती, तिच्यासोबत द्यायची ती. कृष्णाबाई आली, हळूच घडी घालू लागली. “राहू दे गोदूबाय. तशीच देईन.”

गोदूबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“नेऊ नका,” बायजा आतून आली. “मी पुरी करते.”

कृष्णाबाईनं गोदूबाईकडे पाहिलं. मग हातातली घडी खाली ठेवली. बायजानं घडी उलगडली आणि डाव्या हातात सुई घेऊन बसली.

गोदूबाई खाटेवरून बघत राहिली. आधी चोरून, मग उघड. एका दुपारी ती भिंतीला धरत आली आणि गोधडीजवळ बसली.

“दे इकडं.”

डाव्या हातात सुई धरली, ती घसरून मांडीवर पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली.

“हसतेस?”

“नाय, आत्याबाय.”

“मग सांग की कसं करतेस ते!” हे म्हणताना तिनं सुनेकडे पाहिलं नाही.

हा दिवस आला तर काय बोलायचं, हे बायजानं कितीदा तरी मनात घोळवलं होतं. ते तिनं आता तसंच राहू दिलं. ती सासूच्या उजव्या अंगाला सरकली. त्या लुळ्या हाताचं काम आपल्या हातात घेत तिनं कापड धरलं.

“सुई ढकलू नका. मी कापड तिच्यावर चढवते, तुम्ही फक्त धरून ठेवा. हां, आता ओढा.”

गोधडी पुरी झाली. तिच्यात एक ओळ वाकडीतिकडी गेली होती.

“उसवू?” बायजानं विचारलं.

“नको.”

न्यायला आलेल्या कृष्णाबाईचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. “ही कोणाची गो?”

“माझी,” गोदूबाई ताठ बसून म्हणाली. “आत्ता शिकतेय.”

दुसऱ्या दिवशी पडवीत पुढच्या गोधडीची लुगडी अंथरली गेली. गोदूबाईनं पहिला टाका घातला, दोरा दातात धरला आणि कपाळाला आठी घातली.

“सैल धरलंस, बायजे. ताण.”

बायजानं कापड ताणलं.