नीराबाईचा लाल तळवा

बोर्ली पंचतनच्या देवळासमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शिवदास भगताने तांब्यातलं तीर्थ नीराबाईच्या तळव्यावर शिंपडलं आणि ते नितळ पाणी बघता बघता रक्तासारखं लाल झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. मीही हात जोडले. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस मी, हात आपोआप जुळतात.

"ह्ये फुलांचं रगात हाय!" शिवदास घुमू लागला. "देवीच्या अंगावरची फुलं कुटून उदबत्त्या वळता? आई कोपली! शांतीला एकेकीने कोंबडा आणि बाटली!"

"बाटली देवीला, का तुला?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

गावातल्या शेडमध्ये बारा बायका देवळांतलं निर्माल्य निवडतात, वाळवतात, उदबत्त्या करतात. नवरा वारल्यावर नीराबाईला काम मिळालं ते तिथेच. तिची सासू सोनाबाई पुढे आली.

"उद्यापासून शेडवर जायचं न्हाय."

नीराबाई तळव्याकडे बघत होती, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी. "बरं," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात शाळेतल्या मैत्रीबाई पुढे झाल्या. "भगत, माझ्या हातावर शिंपडा."

पाणी पाणीच राहिलं.

"बघा! ह्या बाई निर्माल्याला शिवत न्हाईत!" शिवदास ओरडला.

"खरं आहे. आता थांबा." बाईंनी पूजेच्या ताटातली हळद स्वतःच्या दुसऱ्या तळव्याला चोळली, शिवदासच्याही. मग तांब्या आपणच घेतला आणि शिंपडलं. दोघांचेही तळवे लाल!

"ही चुन्याची निवळी," बाई म्हणाल्या. "पानाला लावतो तो चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, वर साफ पाणी येतं. हळदीला लागलं की लाल होतं. देवीची फुलं हळदीने माखलेली. बायका ती उघड्या हातांनी निवडतात. कितीही धुवा, रेषांत हळद राहतेच."

"अगो, माझी आय असंच कुंकू करायची की!" सोनाबाई म्हणाली.

शिवदास हात धोतराला पुसत निघून गेला. नीराबाईची माफी कुणी मागितली नाही. मीसुद्धा नाही.

"उद्या शेडवर भाकरी न्यायला इसरू नको," सोनाबाई म्हणाली. नीराबाईने नुसती मान हलवली. तिला आनंद झाला की नाही, चेहऱ्यावरून कळेना.

कीर्तनात बुवा सांगतात, देव भावाचा भुकेला. तो कोंबड्याचा आणि बाटलीचा भुकेला आहे असं कुणी सांगू लागलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: तांब्यात काय आहे?