बादलीतलं विरजण

गाजराचा शेंडा अजून केशरीच होता. सिस्टरने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि परत बादलीत टाकला. वीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत माणसाचं मोडलेलं हाडसुद्धा जुळायला लागतं, आणि हा पठ्ठ्या आज सकाळी चिरल्यासारखा टणक. सकाळपासून झाकण उघडायची ही पाचवी खेप होती आणि अजून नऊ वाजायचे होते.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. एकतीस वर्षं तिने हॉस्पिटलात ऑपरेशनची अवजारं वाफवून निर्जंतुक करण्याचं काम केलं होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या कात्रीवर जंतू औषधालाही सापडायचा नाही.

बादली मात्र तिची नव्हती, यजमानांची होती. रंगाच्या रिकाम्या बादलीला त्यांनी भोकं पाडली, खतासाठी सालं आणि वाळका पाला एकावर एक घातला, आणि तेव्हापासून मागच्या बाल्कनीत त्यांचा संसार वेगळा सुरू झाला. कोपरापर्यंत हात घालून ते हाक मारायचे, “अगं, बघ तरी. कसं गरम झालंय.” तिने एकदाही हात घातला नाही. उलट नियम केला: घरात यायच्या आधी दोनदा साबण, आणि पुसायला बाल्कनीतल्या खिळ्यावरचा वेगळा टॉवेल. तरी त्या टॉवेलवर पाच काळी बोटं उमटायचीच, आणि आठवड्यातून एकदा भांडण व्हायचंच. “तू जंतू मारतेस, मी पोसतो,” ते हसून म्हणायचे. “जमाखर्च बरोबर.”

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ते बसल्या जागी गेले. चष्मा, चपला, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, सगळं जिथल्या तिथे थांबलं. त्यांच्या मागे त्यांचं चालू असलेलं असं एवढी बादलीच उरली. म्हणून मग बादलीला वास यायला लागला, अळ्या दिसल्या आणि लेकीने फोनवर सांगितलं की सरळ कचऱ्याच्या गाडीत टाकून दे, तेव्हा सिस्टर म्हणाली, “टाकायची नाही. मी शिकेन.”

शिकली ती आपल्या पद्धतीने. सालं आधी उकळत्या पाण्यातून काढायची. हातात मोजे. सकाळ-संध्याकाळ फिनेलच्या पाण्याचा फवारा. तिसऱ्या दिवशी वास गेला, चौथ्या दिवशी अळ्या गेल्या. तिने अभिमानाने लेकीला कळवलंसुद्धा. आणि त्यानंतर बादलीत काही म्हणजे काही घडेना.

तिला चैन पडेना. भाजी चिरता चिरता उठायची, झाकण उघडायची. आंघोळीला निघालेली वाटेतून बाल्कनीकडे वळायची. आज तर तिचा स्वतःवरच संताप झाला. हे शिकणं आपल्या नशिबात नाही असं म्हणून तिने बादली उचलली आणि दोन जिने उतरून खाली आली. गाडी यायला अवकाश होता.

तळमजल्यावर टेलरमास्तरांचं दुकान. यजमानांची रोज सकाळची बैठक तिथलीच; मास्तर त्यांना भाऊ म्हणायचे. मास्तरांनी मशीन थांबवलं, बाहेर आले, बादलीत नाक घातलं आणि झटकन मागे झाले.

“सिस्टर, यात काय घातलंत?”

“फिनेल. थोडंच. दिवसातून दोनदा.”

मास्तरांना हसू आलं, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते गिळलं. मग त्यांनी हळूहळू समजावलं. भाऊ सांगायचे, खत आपण करत नाही, डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. आपण फक्त त्यांना जेवायला घालायचं आणि लुडबुड करायची नाही.

सिस्टर दुकानाच्या पायरीवर बसली. एकतीस वर्षं जे काम चोख केलं तेच तिने इथे चोख केलं होतं. जित्याची खोड. “म्हणजे त्यांचं होतं तेवढंही मीच मारलं,” ती म्हणाली, आणि पदराला डोळे पुसायचं तिला सुचलं नाही.

मास्तर दुकानाच्या मागे गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. आत काळंभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं काहीतरी होतं.

“भाऊंनीच दिलेलं आहे, गेल्या वर्षी. माझी कुंडी त्याच्यावरच चाललीये. घरातलं विरजण संपलं की आपण शेजारून आणतोच की. निम्मं घेऊन जा.”

जाताना त्यांनी बजावलं: जुनं सगळं फेकायचं, बादली नुसत्या पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची, आणि नवी सालं नि हे विरजण भरल्यावर चार दिवस झाकणाला हात लावायचा नाही.

ते चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पंखे पुसून झाले, डबे घासून झाले, घासलेले डबे पुन्हा घासून झाले. तिसऱ्या दिवशी हात इतके शिवशिवले की ती चक्क बाल्कनीच्या दाराला कुलूप लावून किल्ली मास्तरांकडे देऊन आली. लेकीने फोनवर विचारलं, “आई, बरी आहेस ना?” त्यावर, घरात पेशंट आहे, मला वेळ नाही, असं सांगून तिने फोन ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने किल्ली आणली आणि झाकण उघडलं. पातळशी वाफ वर आली. मोजे खिशात होते, ते खिशातच राहिले. लेक लहानपणी तापली की तिच्या कपाळाला लावायची तसा तिने उलटा हात आत लावला. मग सुलटा घातला. मग मनगटापर्यंत.

“आहे,” ती म्हणाली. “चांगलं गरम आहे.”

त्यांनी बोलावलं होतं तेव्हा आपण आलो नाही, हे तिला त्या वेळी इतकं लख्ख कळलं की बराच वेळ तिने हात बाहेर काढला नाही. काढला तर आतली ऊब जाईल असं उगाच वाटत राहिलं.

शेवटी झाकण लावून ती उठली. खिळ्यावर टॉवेल होता. ते गेल्यानंतर आठवड्याभरात तिनेच तो गरम पाण्यात उकळून पांढराशुभ्र करून ठेवला होता, आणि तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. तिने त्याला हात पुसले. पाच काळी बोटं उमटली. धुण्याची बादली शेजारीच होती. तिने टॉवेल झटकला, बोटं दिसतील अशा बेताने परत खिळ्यावर टांगला, आणि चहा टाकायला आत गेली.