किल्ली कुठे होती

गुरुप्रसाद सरांनी कुमारांसाठी कादंबरी लिहिली आणि रत्नागिरीच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात तिच्यातल्या प्रतीकांवर बोलायला माझंच नाव सुचवलं. माणसाने लाज सोडली की असा दिलदारपणा सुचतो.

सर चिपळुणात आमचे घरमालक होते आणि शाळेत मला मराठी शिकवायचे. ते वर राहायचे, खाली मी, आई आणि आजोबा. बाबा मुंबईला नोकरीला. चार वर्षांत सरांनी आम्हाला एकदाही वर बोलावलं नव्हतं. पुराच्या सकाळी पाणी कमरेला लागलं तेव्हा आम्ही आपणहून जिना चढलो. मधल्या लोखंडी दाराला कुलूप होतं. आई हाका मारत राहिली. सर वरच्या पायरीवर आले, आमच्याकडे बघितलं आणि आत गेले. शेवटी आम्ही आजोबांना शेजारच्या दुकानाच्या पत्र्यावर ओढून घेतलं. सहा तास पावसात बसलो. आठव्या दिवशी आजोबा न्यूमोनियाने गेले. सर भेटायलाही आले नाहीत. आम्ही चिपळूण सोडून रत्नागिरीजवळ मिरजोळ्यात आलो.

आणि सरांनी काय केलं, तर कादंबरी लिहिली.

तिच्यात रेवा नावाची मुलगी आहे. पुरात म्हातारे गुरुजी तिच्यासाठी दार उघडायला धावतात आणि त्यांच्या थरथरत्या हातातून किल्ली पाण्यात पडते. पुढची दीडशे पानं गुरुजी तळमळतात. मेलेल्या आजोबांच्या वाट्याला चार ओळी, नाव नाहीच. मग रेवाला चिखलात किल्ली सापडते, पांढरा बगळा उडतो आणि ती गुरुजींच्या पाया पडते. किल्ली म्हणजे क्षमा, चिखल म्हणजे मनातली अढी, बगळा म्हणजे आजोबांचा आत्मा. वाचकाला कळणार नाही या भीतीने सरांनी हे सगळं शेवटच्या प्रकरणात रेवाच्याच तोंडून सांगून टाकलं आहे.

मी आईला ते पुस्तक वाचून दाखवलं. किल्ली पडते तिथे तिने मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. मग कार्यक्रमाला मीही येते म्हणाली.

वाचनालयात चाळीसेक माणसं होती, निम्मी निवृत्त शिक्षक. अध्यक्षांनी पुस्तकाला जखमेवरची फुंकर म्हटलं. मी उठले आणि म्हणाले, "किल्ली पाण्यात टाकली की लेखकाला दार उघडावं लागत नाही. वर पोरीकडून माफीही मिळते. इतकं सोयीचं प्रतीक माझ्या वाचनात नाही."

सर हसले. दीक्षा पहिल्यापासून हुशार, असं त्यांनी लोकांना सांगितलं. वास्तव वेगळं, वाङ्मय वेगळं. लिहिता लिहिता लेखक स्वतःच बरा होत असतो, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मागच्या रांगेत आई उभी राहिली. "सर, मला पुस्तकातलं कळत नाही. किल्ली खरंच पडली होती काय?"

सरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष कार्यक्रमपत्रिका वाचू लागले.

"नाही," सर म्हणाले. "हातात होती."

"मग?"

"तुम्ही सगळे वर आलात तर..." एवढं बोलून ते थांबले. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

अध्यक्षांनी घाईघाईने आभार उरकले. बाहेर फाटकाशी सर हात जोडून आईसमोर आले. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

"माफी राहू दे सर," आई म्हणाली. "पुस्तकात मागून झाली, मिळूनही गेली. मामंजींचं नाव गंगाराम होतं. तेवढं तरी लिहायचंत."

रिक्षात बसल्यावर मी अजून माझ्या भाषणाच्या तोऱ्यात होते. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, "चिपळूणच्या आपल्या शेजारच्या गंगुबाई सरांना शिव्या घालायच्या तेव्हा मीच सांगायचे, अहो, त्या गडबडीत किल्ली सापडली नसेल. दरवेळी हेच सांगायचे."

मला हे माहीत नव्हतं. मी आईला कधी विचारलंच नव्हतं. मी तिचा हात धरला आणि मिरजोळे येईपर्यंत सोडला नाही.